जुना बॉयलर, नवा वायरलेस थर्मोस्टॅट: तिसऱ्या वायरीचं काय करायचं?

मधली_खोली

नमस्कार मंडळी. घरात गरम पाण्यावर चालणारे रेडिएटर आहेत. त्यांना पाणी तापवून देणारा गॅसचा बॉयलर वीस वर्षांहून जुना आहे. बॉयलरची तक्रार काही नाही, दरवर्षी त्याचं सर्व्हिसिंग करून घेते. अडचण थर्मोस्टॅटची आहे. तो पॅसेजमध्ये, सगळ्यात मोठ्या रेडिएटरच्या अगदी समोर बसवलेला आहे. पंधरा मिनिटांत पॅसेज तापतो, थर्मोस्टॅट 'टक्' करतो आणि बॉयलर बंद. आईची खोली घराच्या पार टोकाला आहे, तिथला रेडिएटर तोवर जेमतेम कोमट झालेला असतो. आई ८१ वर्षांची आहे, थंडीत तिचे गुडघे धरतात. रात्री ती अंगावर दोन पांघरुणं घेऊन खुर्चीत बसून राहते, ते बघवत नाही.

म्हणून वायरलेस थर्मोस्टॅट आणला. त्याचे दोन भाग आहेत: एक आईच्या खोलीत ठेवायचा, बॅटरीवर चालणारा, आणि दुसरा रिसीव्हर. रिसीव्हरवर पाच टर्मिनल आहेत: एल, एन, कॉम, एनओ, एनसी. ब्रेकर बंद करून जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढलं तर आत तीन वायरी जोडलेल्या दिसल्या, लाल, पिवळी आणि निळी. शिवाय अर्थिंगची हिरवी. नव्यावर कॉम, एनओ, एनसी अशी तीन टर्मिनल आहेत, मग तीनला तीन जोडल्या की झालं का? अजून काही सोडवलेलं नाही.

फेज_न्यूट्रल

ताई, काही सोडवलं नाहीत हे फार बरं केलंत. तीनला तीन अजिबात जोडू नका.

रिसीव्हरच्या आत एक रिले असतो, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर आपोआप हलणारा स्विच. कॉम म्हणजे त्यातली हलणारी पट्टी. रिले स्वस्थ असताना ती एनसीला टेकलेली असते. 'बॉयलर लाव' असा निरोप आला की ती एनसी सोडते आणि एनओला टेकते. तुमच्या जुन्या थर्मोस्टॅटमधली तिसरी वायर बहुतेक न्यूट्रल असणार. लाल फेज कॉमला, पिवळी एनओला आणि न्यूट्रल एनसीला लावलात, तर ब्रेकर वर करताक्षणी, रिले अजून हललेलाही नसताना, फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना भिडतील. सरळ शॉर्ट. ब्रेकर पडेल आणि नव्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतील ते वेगळंच.

जुन्या थर्मोस्टॅटला न्यूट्रल कशाला लागत होता हेही सांगतो, म्हणजे ती वायर अनोळखी वाटणार नाही. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. उष्णतेनं एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त पसरतो, पट्टी वाकते आणि कॉन्टॅक्ट सुटतो. पण पट्टीला खोलीची ऊब लागायला वेळ लागतो. तोवर खोली हवी त्यापेक्षा दोनेक अंश जास्त तापलेली असते. म्हणून पट्टीशेजारी एक बारका रेझिस्टर बसवतात. बॉयलर चालू असेपर्यंत तो पट्टीला थोडी जास्तीची ऊब देत राहतो आणि पट्टी जरा आधीच वाकते. त्या रेझिस्टरसाठी न्यूट्रल. झाकणाखाली बघा, डाळीच्या दाण्याएवढा, रंगीत पट्टे असलेला भाग दिसेल.

नव्या थर्मोस्टॅटला रेझिस्टर लागत नाही, पण ही वायर आपल्या फार कामाची आहे. त्याकडे येतो. आधी सांगा, मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज आकड्यात दाखवणारा मीटर, आहे का?

निळी_शाई

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि माझा अनुभव लिहितो, कारण माझं नुकसान झालं आणि ते कुणाचंही होऊ शकतं.

माझ्याही घरी जुना बॉयलर होता. बसवणाऱ्यानं रिसीव्हर बॉयलरशेजारी लावला. रिसीव्हरमध्ये एल (म्हणजे फेजचं टर्मिनल) आणि कॉम यांच्यामध्ये एक छोटी वायर आधीच जोडलेली होती, ती त्यानं तशीच ठेवली. माझ्या बॉयलरची थर्मोस्टॅटची टर्मिनलं मात्र २४ व्होल्टची होती. त्यांना फक्त एक कोरा स्विच हवा होता, दोन टोकं जोडणारा आणि तोडणारा, स्वतःचा करंट न देणारा. एल-कॉमच्या त्या बोटभर वायरीतून २३० व्होल्ट बॉयलरच्या बोर्डात शिरले. 'फट्' असा बारीक आवाज आला आणि जळका वास. बोर्डावर तपकिरी डाग पडला होता, नखाएवढा. त्या मॉडेलचे बोर्ड निघणं बंद झालेलं होतं. ऐन थंडीत तीन आठवडे घर गार.

मधली_खोली

बापरे. नशीब विचारलं. मल्टीमीटर नाही, पण दिवा लागणारा टेस्टर आहे. तो चालेल का?

फेज_न्यूट्रल

या कामाला नाही. टेस्टरचा दिवा कधी कधी शेजारच्या वायरीतून उतरलेल्या चोरट्या व्होल्टेजवरही मिणमिणतो, म्हणजे वायर निकामी असली तरी 'लाइन आहे' असं वाटतं. आणि २४ व्होल्टवर तो लागतच नाही, म्हणजे 'काही नाही' असं वाटतं. आपला सगळा प्रश्न २३० की २४ हाच आहे आणि नेमकं तेच टेस्टर सांगू शकत नाही.

मोजणी चालू लाइनवर करावी लागते, म्हणून रोज वीजकाम करणारं माणूस जवळ असू द्या. तीन आकडे हवेत. लाल ते निळी किती? पिवळी ते निळी, जुना थर्मोस्टॅट अगदी खाली फिरवलेला असताना, किती? आणि तोच अगदी वर फिरवून 'टक्' झाल्यावर किती? रंगांवर मात्र विसंबू नका. जुन्या घरांत ज्याच्या हाताला जी वायर लागली ती त्यानं वापरलेली असते. निळी म्हणजे न्यूट्रल हा अंदाज आहे, मीटर सांगेल ते खरं.

उन्हाळी_पाऊस

माझा थोडा वेगळा प्रश्न, इथेच विचारतो. माझ्या बॉयलरला विजेची वायरच नाही. आत छोटी ज्योत कायम जळत असते आणि थर्मोस्टॅटला फक्त दोन बारीक वायरी जातात. याला वायरलेस बसेल का?

फेज_न्यूट्रल

बसेल, पण जपून. तुमचा मिलिव्होल्टवर चालणारा बॉयलर आहे. त्या कायमच्या ज्योतीत एक थर्मोपाइल खोचलेली असते. ज्योतीच्या उष्णतेतून ती साधारण पाऊण व्होल्ट तयार करते आणि तेवढ्यावरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. पाऊण व्होल्ट म्हणजे किती थोडं बघा: वायर लांबली, सांधा गंजला, स्क्रू सैल झाला, तरी त्यातलं बरंचसं वाटेत संपतं आणि व्हॉल्व्ह उघडत नाही.

म्हणून दोन गोष्टी. रिसीव्हरला स्वतःची वीज लागते, ती जवळच्या सॉकेटमधून वेगळी घ्यावी लागेल आणि तिचा एक थेंबही व्हॉल्व्हच्या वायरीत जाता कामा नये. एल-कॉमची जोडवायर असेल तर काढलेली हवी, निळी_शाईंनी लिहिलंय तेच. आणि रिले मिलिव्होल्टला चालतो असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं हवं. मोठ्या लोडच्या रिलेचे कॉन्टॅक्ट इतक्या कमी व्होल्टेजवर कालांतरानं दगा देतात, त्यांच्यावर धरलेला थर भेदायला तेवढा जोर नसतो. तसं लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

मधली_खोली

भाऊ वीजकाम करतो, काल त्याला बोलावलं. आकडे असे: लाल ते निळी २३४. पिवळी ते निळी, थर्मोस्टॅट खाली असताना ०. वर फिरवून टक् झाल्यावर २३४, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात बॉयलर पेटल्याचा आवाज आला. रेझिस्टरही दिसला, तुम्ही म्हणालात तसाच.

भाऊ म्हणतो की रिसीव्हर बॉयलरपाशी लावायचा तर बॉयलरचं झाकण उघडावं लागेल आणि गॅसच्या यंत्राला तो हात लावणार नाही.

फेज_न्यूट्रल

तुमचा भाऊ बरोबर बोलतोय. बॉयलरचं झाकण परवाना असलेल्या गॅसवाल्यानंच उघडायचं. काही बॉयलरांत ते झाकण हाच ज्वलनकक्षाच्या सीलचा भाग असतो. नीट बसलं नाही तर जळालेला वायू खोलीत येऊ शकतो.

पण तुम्हाला झाकण उघडायची गरजच नाही. तिसऱ्या वायरीचं मोल इथे कळतं.

रिसीव्हरला चालायला फेज आणि न्यूट्रल लागतात, आणि बॉयलरला निरोप द्यायला एक वायर. तुमच्या पॅसेजमधल्या जुन्या थर्मोस्टॅटच्या डबीत तिन्ही हजर आहेत. रिसीव्हर तिथेच, जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी बसवा. लाल एलला. निळी एनला. एल आणि कॉम यांच्यामध्ये एक तुकडा जोडा, म्हणजे फेज रिलेच्या पट्टीपर्यंत पोहोचेल. पिवळी एनओला. एनसी रिकामं. हिरवी अर्थिंगची वायर कापू नका. रिसीव्हरला अर्थिंगचं टर्मिनल नसेल तर वेगळ्या कनेक्टरमध्ये बंद करून डबीतच ठेवा.

निळी_शाईंकडे जी जोडवायर बोर्ड जाळून गेली, तीच तुमच्याकडे असायलाच हवी. म्हणून मी आकडे मागत होतो. एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा रिसीव्हर एका घरात त्या वायरीसकट लावायचा असतो आणि दुसऱ्या घरात तिच्याशिवाय. ते खोक्यावर कधीच लिहिलेलं नसतं, समोरचा बॉयलर काय मागतो त्यावर ठरतं.

काम सुरू करताना ब्रेकर पाडून परत मीटरनं तपासा. आधी चालू सॉकेटवर मीटर दाखवतोय का ते बघा, मग डबीत शून्य आहे का, मग पुन्हा चालू सॉकेटवर. बॉयलरला टायमर असेल तर त्याच्याकडून येणारी लाइन वेगळ्या ब्रेकरवर असू शकते, तीही पाडा.

रानवाट

माझ्याकडे थर्मोस्टॅटला दोनच वायरी आहेत, न्यूट्रल नाही. मग?

फेज_न्यूट्रल

मग तिथे रिसीव्हरला वीज मिळणार नाही. रिसीव्हर बॉयलरच्या बाजूला किंवा पंप-व्हॉल्व्हच्या वायरी एकत्र येतात त्या जंक्शन डब्याजवळ घ्यावा लागेल आणि ते काम जाणकाराकडून करून घ्या. जुन्या थर्मोस्टॅटच्या दोन वायरींचा निकाल त्याच वेळी लावा. जुना थर्मोस्टॅट भिंतीवर तसाच राहिला आणि नवा त्याच्याच रांगेत आला, तर कुणीतरी जाता-येता जुना खाली फिरवतं आणि बॉयलर का पेटत नाही याचा शोध दोन दिवस चालतो. उलट, काही बॉयलरांच्या आत थर्मोस्टॅटच्या दोन टर्मिनलांवर कारखान्यातूनच जोडपट्टी लावून येते. ती काढायची राहिली तर थर्मोस्टॅट काहीही म्हणो, बॉयलर चालूच राहतो.

तुमच्याकडे झोन व्हॉल्व्ह, म्हणजे घराच्या एकेका भागाकडे जाणारं गरम पाणी छोट्या मोटरनं उघड-बंद करणारे व्हॉल्व्ह, असतील तर एक लक्षात ठेवा: थर्मोस्टॅट बॉयलरला नव्हे, व्हॉल्व्हला हुकूम देतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की त्यातला छोटा स्विच बॉयलरला सांगतो. थर्मोस्टॅट थेट बॉयलरला जोडलात तर व्हॉल्व्ह बंद आणि बॉयलर पेटलेला, अशी वेळ येईल.

साधा_माणूस

एवढं करण्यापेक्षा बॉयलरच्या मेन वायरीतच रिले टाकला तर? करंट आला की चालू, गेला की बंद.

फेज_न्यूट्रल

कृपा करून नको. बर्नर विझला तरी आतल्या लोखंडात भरपूर उष्णता उरलेली असते. ती काढून न्यायला अनेक बॉयलर पंप आणखी काही मिनिटं चालू ठेवतात. मेनच तोडलीत तर पंपही थांबेल, अडकलेलं पाणी उकळू लागेल, किटलीसारखा खदखद आवाज येईल आणि शेवटी अतितापाचं कटआउट पडेल. असं रोज झालं तर बॉयलर लवकर जाईल. बॉयलरची मेन कायम चालू, थर्मोस्टॅट फक्त निरोप देणार.

मधली_खोली

झालं! भावानं रविवारी बसवला. लाल, निळी, जोडवायर, पिवळी, अगदी सांगितलं तसंच. डबीतली निळी वायर वळवताना तिचं आवरण खडूसारखं भुगा होऊन पडलं, तेव्हा त्यानं ती मागे चांगल्या भागापर्यंत कापली आणि नवा तुकडा कनेक्टरनं जोडला. ब्रेकर वर केला, रिसीव्हरचा हिरवा दिवा लागला, जोडीचं बटण दाबलं आणि दोघांची ओळख पटली. आईच्या खोलीतून तापमान वाढवलं की पॅसेजमध्ये टक् आणि स्वयंपाकघरात बॉयलर. आईला तो आवाज इतका आवडला की तिनं चार वेळा करून पाहिला.

निळी_शाई

वा! वाचून मनापासून आनंद झाला. आईंना नमस्कार सांगा.

मधली_खोली

मंडळी, आनंद दोन दिवस टिकला. परवापासून बॉयलर थांबतच नाहीये. थर्मोस्टॅट २१ वर ठेवलाय, आईच्या खोलीत १९.५ च्या वर काटा सरकत नाही आणि पॅसेजमध्ये मात्र श्वास कोंडावा असं गरम. रिसीव्हर बिघडला का?

फेज_न्यूट्रल

रिसीव्हर नीट असावा. आईंच्या खोलीतल्या रेडिएटरला बाजूला १ ते ५ आकडे असलेली गोल मूठ आहे का? आणि ती कितीवर आहे?

मधली_खोली

आहे. ३ वर. आधीपासूनच.

फेज_न्यूट्रल

सापडलं. ती मूठ म्हणजे रेडिएटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट. आत मेणाची किंवा द्रवाची छोटी कुपी असते. खोली तापली की ती फुगते आणि पाण्याची वाट आवळते. ३ म्हणजे साधारण वीस अंशांच्या आसपास. तुमची खोली १९.५ ला पोहोचली की मूठ रेडिएटर बंद करत आणते, भिंतीवरचा थर्मोस्टॅट २१ ची वाट बघत राहतो, बॉयलर चालू राहतो आणि ती सगळी उष्णता बाकीच्या घरात जाते. एकाच खोलीत दोन मालक झाले.

ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तिथली मूठ पूर्ण उघडी, ५ वर. पॅसेजच्या रेडिएटरला मूठ असेल तर ती २ वर आणा. साधा व्हॉल्व्ह असेल तर थोडा आवळा. पण सगळ्या रेडिएटरांना एकदम आवळू नका, पंपाला पाणी फिरवायला एक तरी वाट मोकळी हवी. आणि थर्मोस्टॅट ठेवलाय कुठे? जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, आतल्या भिंतीला, ऊन, पडदा आणि रेडिएटर यांपासून दूर हवा. आईंच्या उशाशी दिव्याखाली असेल तर हलवा, नाहीतर तो दिव्याची उष्णता मोजेल.

आणखी एक. जुन्या बॉयलरच्या आत जाड बिडाचा भाग असतो, तो हळू तापतो आणि हळू निवतो. थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये तासाला किती वेळा चालू-बंद करायचं ते असतं. बऱ्याच थर्मोस्टॅटांत गॅससाठी सहा आणि तेलाच्या बॉयलरसाठी तीन असं असतं. तुमचा गॅसचा असला तरी बिडाचा आणि जुना आहे, म्हणून तीन करून बघा. बर्नर सारखा पेटून-विझून झिजणार नाही आणि खोलीला फरक जाणवणार नाही.

रानवाट

वायरलेस आहे तर सिग्नल तुटला तर काय? घरात म्हातारं माणूस आहे म्हणून विचारतो.

फेज_न्यूट्रल

चांगली शंका. बऱ्याच रिसीव्हरांचा सिग्नल ठरावीक वेळ आला नाही की ते बॉयलर बंद करतात, म्हणजे घर गार पडतं. काही रिसीव्हर तशा वेळी दर तासात थोडा वेळ बॉयलर चालवत राहतात. तुमचा काय करतो ते माहितीपत्रकात बघा आणि एकदा बॅटऱ्या काढून खरंच पडताळून बघा. रिसीव्हरवर हातानं चालू करायचं बटण असतं, ते घरात सगळ्यांना दाखवून ठेवा. बॅटऱ्या दर थंडीच्या सुरुवातीला बदला, कमी झाल्याचा इशारा यायची वाट बघू नका. रिसीव्हर लोखंडी कपाट, आरसा, बॉयलरचा पत्रा यांच्या मागे नको, रेडिओ लहरी धातूपाशी अडतात.

आणि घरात जुना बॉयलर असेल त्या प्रत्येकासाठी: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. नवा थर्मोस्टॅट बसवल्यानं जुना बर्नर सुरक्षित होत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही.

मधली_खोली

आईच्या खोलीतली मूठ ५ वर केली, पॅसेजची २ वर. थर्मोस्टॅट कपाटाशेजारून दाराजवळच्या भिंतीवर हलवला. तासाला तीनचं सेटिंगही केलं. काल रात्री नऊला आईच्या खोलीत २१ झाले आणि बॉयलर थांबला. पहाटे पाचला बघितलं तर २०.५. आई एका पांघरुणात झोपली होती, पाय मोकळे टाकून.

बॅटऱ्या काढूनही पाहिल्या. काही वेळानं रिसीव्हरचा दिवा लाल झाला आणि बॉयलर बंद पडला. आता आईला आणि मुलाला हाताचं बटण माहीत आहे. अलार्म आणला, बॉयलरच्या खोलीत लावला.

फेज_न्यूट्रल

छान. शेवटचं एक काम: रिसीव्हरच्या झाकणाच्या आत कागद चिकटवून कुठली वायर कशाची ते लिहून ठेवा. पुढं कधी नवा बॉयलर आला आणि त्याची टर्मिनलं २४ व्होल्टची निघाली, तर बसवणाऱ्याला ती जोडवायर काढायची आठवण राहील.

मधली_खोली

लिहून चिकटवला. "लाल: फेज. निळी: न्यूट्रल. पिवळी: बॉयलरकडे, २३० व्होल्ट. एल-कॉम जोडलेलं आहे. बॉयलर बदलला तर आधी हे काढा." खाली भावाची सही आणि तारीख.